लातूरच्या बाकावर बसून राहिलेला शिष्य

परमपूज्य हस्केल गुरुजी,

काल शनिवार, शब्बाथचा विश्रामदिन, लेखन वर्ज्य. म्हणून अस्वस्थता धर्मसंमत मार्गाने दिवसभर सोसून आज रविवारी हे पत्र लिहीत आहे.

निमित्त कन्या रिव्का. आपण धाडलेली हिब्रू अंकलिपी काल प्रथमच उघडली. (आपल्या निधनानंतर चार वर्षांनी! विलंब ही माझी एकमेव अखंड साधना.) तिने विचारले, "पप्पा, कॉलेजात तुम्ही आलात की पोरं उठतात. तुम्ही गुरुजींसाठी उठायचात का?"

"सदैव!" मी संस्कृतच्या प्राध्यापकास शोभेल अशा गांभीर्याने उद्गारलो.

असत्य, गुरुजी! आपणांस ठाऊकच आहे.

उदगीरला आपल्या यहुदी समाजाची दोनच घरे: स्टेशनवर तिकिटे देणारे आपण आणि आम्ही. शनिवारी शिकवायला आलेले आपण दारात दिसताच मी ताडकन उठत असे. एकदा तोरा या आपल्या धर्मग्रंथातला संपूर्ण पाठ अस्खलित म्हटला आणि स्तुतीच्या प्रतीक्षेत छाती फुगवून उभा राहिलो.

"लई झकास," आपण म्हणालात. "काल बहिणीला ढकललंस, तिची माफी मागितलीस का रं?"

"न्हाई."

"मग तोरा वाचलीच न्हाईस की!"

मागितली तेव्हा. रडत मागितली.

आणि पुढे, मी प्राध्यापक झाल्यावर, लातूरचे बसस्थानक. बाकावर प्राचार्यांच्या शेजारी मी विराजमान. समोरून आपण आलात, झिजल्या चपला, हातात कापडी पिशवी. मी वर्तमानपत्रामागे अंतर्धान पावलो. आपण क्षणभर थांबलात, मग निघून गेलात. हाक का मारली नाहीत? कान का पिळला नाहीत?

पंधरवड्याने टपालाने अंकलिपी आली. सोबत चिठ्ठी: "त्या दिशी पिशवीतच होती. गर्दीत द्यायची राहिली. लेकीला शिकव."

गर्दीत? बाकावर प्राचार्य आणि मी दोघेच होतो, गुरुजी!

माझी लाज आपण झाकलीत. उत्तराचा मजकूर मी इतका अलंकृत करत बसलो, की तेवढ्यात आपण गेलात.

काल माझे "सदैव" ऐकून रिव्का म्हणाली, "मग मीपण तुमच्यासाठी उठणार." आणि उठली! तेव्हापासून मला कुठल्याच खुर्चीत स्वस्थ बसवत नाही.

वचन देतो: येत्या शनिवारी अंकलिपी उघडण्यापूर्वी तिला बाकाची हकिकत सांगेन, एकही समास न वापरता. तिच्यादेखत उभा राहून आपली माफी मागेन. त्यानंतर ती माझ्यासाठी उठली नाही तरी चालेल. पहिला पाठ झाला असे समजेन.

आपला, उशिरा उठलेला,
बेनयामिन