जड किक

अकोला

प्रिय दादा,

तू पाठवलेली पार्टांची यादी मिळाली. फोनवर हे बोलता येत नाही, बाबा बाजूलाच बसलेले असतात आणि बुलेटचं नाव निघालं की कान टवकारतात. म्हणून पत्र, तेही शाळेतल्या मराठीत. हसू नको.

चिखलदऱ्याच्या घाटात गाडीला दम पाहिजे म्हणून तू फुगीर डोक्याचा पिस्टन, तेज कॅम, मोठा कार्बोरेटर असं सगळं लिहिलंस. कॅम मी घेतला नाही, त्याने गावातल्या गर्दीत गाडी अडखळते. कार्बोरेटर जुनाच साफ करून बसवला. पिस्टन मात्र तुझ्या यादीतल्यापेक्षाही जास्त कॉम्प्रेशनचा मागवला आणि हेडखाली पातळ गॅस्केट टाकलं, दाब आणखी वाढावा म्हणून. किक मारायच्या आधी दाब सोडायचा तो छोटा लिव्हर आहे ना, तो काढून भोक बंद केलं. पार्टवाला म्हणाला, ताई, ही किक धडधाकट गड्यालाही जड जाईल. म्हटलं, जाऊ द्या.

तुला सगळं सांगितलेलं नाही. बाबांचं विसरणं आता चष्म्यापुरतं राहिलेलं नाही. गाडी बांधली की ट्रायल घ्यायची, हा त्यांचा नियम. आता काही दुरुस्त केलेलं नसलं तरी ते बुलेटवर ट्रायलला निघतात आणि परत यायचं विसरतात. आधी बाळापूरला किल्ल्यापाशी सापडले. चहावाल्याने डोमाजी मिस्त्री म्हणून ओळखलं, म्हणून फोन तरी आला. मागच्या महिन्यात थेट तुझी अमरावती ओलांडून मोझरीच्या पुढे सापडले, तेही पेट्रोल संपलं म्हणून. हायवेवर समोरून ट्रक येत होते आणि हे उलट्या बाजूने गाडी ढकलत होते. चावी लपवली तर वायर जोडून दोन मिनिटांत सुरू करतात, जन्मभर तेच केलं. गाडी काकांकडे नेऊन ठेवली तर तिला शोधायला पायीच निघाले. काहून कळवलं नाही म्हणशील. तू रजा टाकून धावत आला असतास, दोन दिवस रडला असतास आणि तिसऱ्या दिवशी अमरावतीची गाडी धरली असतीस.

इंजिन आम्ही दोघांनी मिळून बांधलं. सकाळी काय खाल्लं ते त्यांना सांगता येत नाही, पण पिस्टनच्या रिंगांची तोंडं कुठे ठेवायची ते न बघता सांगितलं. पिस्टन हातात तोलून म्हणाले, रेसचा माल दिसते, कोनाची गाडी हाय? दादाची, म्हटलं. खूश झाले. ठिणगीचं टायमिंग मी जरा मागे ठेवलं, किक उलटून त्यांचा पाय मोडू नये म्हणून. तेवढीच काळजी घेता आली.

मंगळवारी त्यांनी किक मारली. सात-आठ वेळा. गाडी हूं का चूं करेना. मी पाने पुसत उभी होते. मग ते पायरीवर बसले आणि म्हणाले, इंजिन झकास बांधलं बाई तुनं, माह्या पायातच दम नाही राहिला. मी आत जाऊन चहा ठेवला. मला काहीच वाटलं नाही, अजूनही वाटत नाही, आणि त्याचीच भीती वाटून राहिली आहे. तेव्हापासून ते गाडीजवळ जात नाहीत. घरातच असतात. मला जे पाहिजे होतं ते झालं.

पुढच्या महिन्यात तू येशील. तुझा पाय दणकट, ती पहिल्या किकलाच सुरू होईल. त्यांच्यासमोर तसं करू नको, एवढ्यासाठीच हे सारं लिहिलं. चार-पाच किका वाया घालव. घाम पूस. बाबा, लय जड हाय, मलेही जमून नाही राहिलं, असं म्हण. मग त्यांना मागे बसव आणि ट्रायल घेऊन ये.

तुझीच धाकटी,
पायल