बटणांची बरणी

४ जुलै

मिळाला! आठवड्याला एक तास, दहावीला. मुख्याध्यापक हसलेच आधी — "पैशांचं शिक्षण? ज्यांच्या खिशात पैसेच नाहीत त्यांना?" म्हटलं, त्यांनाच तर हवं, सर. आई म्हणाली, "घरातली पहिली पदवीधर तू. आम्हाला शिकवून झालं, आता शाळेला शहाणं कर." चेष्टाच होती. तरी फार बरं वाटलं.

११ जुलै

विचारलं, साठवलेले पैसे कुठे ठेवता? मागच्या बाकावरून — "पोटात, बाई!" हशा. मग बटण उठली. शाळा सुटल्यावर शर्टांना काजं-बटणं करते, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. तिचे पैसे बटणांच्या बरणीत असतात, तळाशी. दहावीनंतर वसतिगृहात राहून शिकायचंय तिला. "बरणीत बाबा हात घालत नाहीत."

मी म्हटलं, अगं, बरणीत पैसे वाढतात का? सगळे हसले. तीही हसली.

२० जुलै

बटणचं खातं उघडलं! अजून अठराची नाही, म्हणून पालकाची सही लागते. तिचे वडील इस्त्रीचा शर्ट घालून आले. "बाई, तुम्ही म्हणाल तिथे करतो सही." बटण बरणी पोटाशी धरून उभी. नोटांबरोबर एक निळं बटण काउंटरवर घरंगळलं. उचलून माझ्या हातावर ठेवलं — "ही तुमची फी, बाई."

२ सप्टेंबर

खातं रिकामं. वडिलांनी सगळे काढले. मोटारसायकल घेतली.

बँकेत जाऊन भांडले. कारकून शांतपणे म्हणाला, "मॅडम, पालक आहेत ते. त्यांची सही चालते. तुम्हीच तर घेऊन आला होतात त्यांना."

मला सुचलं कसं नाही? शाळेत असताना माझं खातं उघडलं, तेव्हा माझे बाबाच पालक होते. त्यांनी कधी पासबुक उघडूनही पाहिलं नाही. "तुझं आहे ते," एवढंच म्हणायचे. मला वाटत आलं, बाप असाच असतो!

बाबांना सांगितलं. ते ताटावरून उठले.

३ सप्टेंबर

बटणला म्हटलं, मी भरते तेवढे पैसे. "नको बाई. तेही जातील."

रागावलीसुद्धा नाही. रागवायला हवं होतंस गं तू.

९ सप्टेंबर

मुख्याध्यापक तास बघायला आले. वर्गाला विचारलं, "पैसे सर्वांत सुरक्षित कुठे?" कोणी माझ्याकडे बघेना. शेवटी बटण उठली. "बँकेत, सर."

"शाब्बास!"

सांभाळून घेतलं मला, पोरीने. मी फळा पुसत राहिले. कोराच होता.

१७ सप्टेंबर

बटण आली नाही. फाटकाशी तिचे वडील, मोटारसायकलवर. हात जोडले — "बाई, तुमचे उपकार! पोरगी शिलाईच्या कारखान्यात लागली. पगार थेट खात्यात. खातं नसेल तर घेतच नाहीत तिथे."