पाकिटातली तांब्याची चकती

सौ. मनकर्णास, नांदुऱ्याहून कडूबाचा मनापासून आशीर्वाद.

माझा खोकला आता कमी आहे. तुझे गुडघे कसे आहेत? शेळी व्याली का?

पत्र घेऊन तुझा चुलतभाऊ गजेंद्र दारात उभा असेल. त्याला लगेच चहा टाकू नकोस. त्याच्या लेकीच्या, पूनमच्या लग्नाला जाताना, “अक्का, तुह्या लुगड्याले डिझेलचा वास येऊन राह्यला, पाव्हणे काय म्हनतीन?” म्हणत यानंच तुला जीपमधून उतरवलं. तू आहेर घेऊन उन्हात धाड गावापर्यंत पायी गेलीस. मी विसरलो नाही.

काल तीच जीप गचके खात, पांढरा धूर ओकत माझ्या गॅरेजात आली. चालू इंजिनावर डिझेलच्या एकेका नळीचा नट सैल करून पाहिला. तिसरा सैल केला तरी आवाज बदलेना, म्हणजे तो सिलिंडर नुसता बसून खाणारा. त्याचं डिझेल फवारणारं नोझल बदललं. मग नळ्या पुसून पावडर भुरभुरली, तर उरलेलं डिझेल टाकीत नेणाऱ्या परतीच्या नळीपाशी ती ओली झाली. ती गळती मुद्दाम ठेवली.

“दाजी, वास काऊन येते अजून?”

“त्याचं औषध तुह्या अक्कापाशी आहे बे. तोवर उतरून उतरून पुसत जाय.”

आता त्याचे पांढरे कपडे हुंगून पाहा!

औषध म्हणजे पाकिटातली चकती. ती फोनातून जात नाही, म्हणून पत्र. परतीच्या नळीच्या बोल्टखाली बसवली की गळती थांबते. इतकी वर्षं गॅरेजात मला पाने-पकडी दिल्यास, तुला काय सांगायचं?

पण आधी पुढच्या सीटवर बस. तुला उतरवलं तिथंच त्याला उतरव. धाडपर्यंत पायी जाऊन आला की मगच चकती बसव.

सोबत पाण्याची बाटली ने त्याच्यासाठी. ऊन फार आहे.

तुझा,
कडूबा