दोर सोडून केलेला रामराम

वडीगोद्री,
मंगळवार

चि. सौ. कल्याणीस बाबाचे पोटभर आशीर्वाद.

तुझी अन् जावईबापूंची तब्येत बरी असंल. तुझी आई मजेत आहे, अन् कंबर सोडून मीबी. हे फोनवरच सांगितलं असतं, पण तुझ्या सासरी फोन स्पीकरवर टाकून सगळ्यांनी ऐकायची पद्धत, म्हणून पत्र.

कंबरेचं असं झालं. शाळेच्या वाचनालयातून ऑलिम्पिकच्या इतिहासाचं पुस्तक आणल्तं (सोयाबीनवरचं कोणीतरी आधीच नेल्तं). वाचता वाचता उठूनच बसलो. अगं, रस्सीखेच ऑलिम्पिकमध्ये होती! एकोणीसशे ते एकोणीसशे वीस, बराबर पाच वेळा. मंग बंद का केली? पुस्तकात न्हाई. दोन दिवस तेच डोक्यात घेऊन फिरून राह्यलो. एकोणीसशे आठला लंडनात तर अमेरिकावाल्यांनी बोंब मारली, की इंग्रज पोलिसांचे बूट लई जड हैत. पोलीस म्हणले, आमचे रोजचेच हैत. म्हणलं, हा तर आपलाच खेळ निघाला (भांडणासकट).

तेवढ्या जोरावर मी वडीगोद्री विरुद्ध अंबड सामना ठरवला. तिकडून शेवटच्या जागी तुझा सासरा उभा राहील हे मला काय ठाऊक! इकडून शेवटचा मी. तू बघितलंसच, आपण त्यांना पार रेघेपर्यंत ओढत आणल्तं. तेवढ्यात अण्णासाहेबांनी दोर धरल्याधरल्याच हसून आवाज दिला, "राम राम, व्याही!" आता मी पडलो मुलीचा बाप. व्याह्याच्या रामरामाला एका हातानं उत्तर देता येतं का? दोन्ही हात जोडले. आपले सात गडी तोंडावर आपटत रेघेपलीकडं गेले, अन् दोराच्या शेपटात पाय अडकून त्यांच्या मागं मी, हात जोडलेलाच.

गावानं चार दिवस नावं ठेवली. त्याचं काही न्हाई. पण तू सासरच्या घोळक्यात होतीस, अन् मी पडल्यावर हसली न्हाईस. लहानपणी मी बांधावरून घसरलो तरी आधी पोट धरून हसायचीस, मंग उचलायला यायचीस. त्या दिवशी पदर सारखा करून खाली बघत राह्यलीस. मला बिलकुल आवडलं न्हाई. कंबरेपेक्षा ते जास्त दुखलं. पुस्तकात लिहिलंय, जुन्या ग्रीसात लग्न झालेल्या बायांना ऑलिम्पिक बघायची बंदी होती. तुला बघायची मोकळीक आहे, मंग हसायची बंदी कोणी घातली, तेवढं कळव. अण्णासाहेबांना माझा नमस्कार सांग. माणूस लाखाचा आहे, माझा काही राग न्हाई.

तुझा बाबा,
भुजंग

ता. क. राग आहे. रविवारी चार वाजता फेरसामना ठेवलाय. तू ये. कोणाच्याबी बाजूला उभी राहा, पण जो पडंल त्याला मोठ्यानं हस (सासरा पडला तरी).

आणखी ता. क. तुझी पत्रंबी आधी अण्णासाहेबच फोडतात, हे मला माहीत आहे. तर अण्णासाहेब, राम राम. दोन्ही हात जोडून. रविवारचा रामराम हाच समजा, त्या दिवशी माझे हात मोकळे नसतील.