काक्षी फुटायची वाट

२३ डिसेंबर २०१९
मृग नक्षत्रातली काक्षी मंदावली आहे. इतकी मंद मी आजवर कधी पाहिली नाही. म्हणजे फुटणार. याच हिवाळ्यात. हे मी सगळ्यात आधी सांगितलं, अशी नोंद असावी म्हणून लिहितो आहे.
कारण साधं आहे. थोराड तारा उधळ्या असतो. आपला सूर्य काटकसरी, म्हणून टिकतो. काक्षीसारखे तारे पोटातला हायड्रोजन भराभर जाळतात, मग हेलियम, मग कार्बन, शेवटी उरतं लोखंड. लोखंड जळून ऊब मिळत नाही. तिथं चूल विझते, गाभा स्वतःच्या वजनानं खचतो आणि बाहेरचं सगळं उडून जातं. काक्षी फुगून लाल तर कधीचीच झाली आहे. आणखी काय हवं?
गावच्या वेधशाळेत जन्मभर शाळेच्या सहलींना शनीची कडी दाखवली. आता राजधानीतल्या सोफियावाल्यांना कळेल सावा कोण ते.
वेसेलाच्या पोटात दुखतंय. नाताळाच्या उपासाचे बीन्स. दुसरं काही नाही.

४ जानेवारी
रेडिओवर मुलाखत. वसंताच्या आधी फुटेल, असं सांगून टाकलं. निवेदिका म्हणाली, नक्की का? म्हटलं, शास्त्र बोलतंय, मी नाही.
संकल्प: रोज संध्याकाळी काक्षीच्या तेजाची मोजणी. राकिया बंद. (आज घेतली. थंडी फार.)
वेसेला बारीक झाली आहे. लग्नातल्यासारखी दिसतेस म्हणालो. ती म्हणाली, "स्कर्टाला पिना लावून फिरतेय मी, सावा. कौतुक कसलं करतोस?" बायकांना कौतुक घेता येत नाही.

१६ जानेवारी
डॉक्टरांनी वेसेलाला प्लोवदिवच्या हॉस्पिटलात बोलावलंय. एकोणतीस तारखेला. नेमकं त्याच दिवशी टाऊन हॉलमध्ये माझं व्याख्यान, नगराध्यक्ष येणार. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणालो.
मेहुणी नेदेल्का स्वयंपाकघरात होतीच. म्हणाली, "भाऊजी, ती चांदणी किती लांब आहे?"
म्हटलं, तिचा उजेड इथवर यायला काही शतकं लागतात.
"म्हणजे फुटली असली तर कधीच फुटलीय. तुम्ही वाट पाहिली काय, न पाहिली काय. हिला मात्र आता दुखतंय."
मुद्दा शास्त्रीय नव्हता.

२९ जानेवारी
व्याख्यान गाजलं. सभागृह निम्मं भरलं होतं, पण निवडक लोक. नगराध्यक्षांना तातडीचं काम निघालं. पहिल्या रांगेत एकानं डोळे मिटून ऐकलं. एका आजोबांनी विचारलं, स्फोटानं आमच्या अक्रोडांना काही होईल का? लोकांना विषय भिडला.
वेसेला नेदेल्काबरोबर गेली. फोन आला, उद्या ऑपरेशन. चटकन नंबर लागला म्हणजे छानच.

८ फेब्रुवारी
वेसेला घरी. नेदेल्का रडत म्हणाली, पोट उघडलं, पाहिलं आणि तसंच शिवलं. माझं मत वेगळं. करण्यासारखं फारसं नसेल म्हणूनच लवकर आटपलं असेल. हे बोलून दाखवलं, तर नेदेल्कानं भांडी आपटली.
वेसेला घोट घोट रस्सा पिते. आज म्हणाली, "या खिडकीतून दिसते का रे तुझी काक्षी? दाखव की मला."
म्हटलं, आत्ता फिकट आहे, मजा नाही. फुटली की भर दिवसा दिसेल, तुला उशीवरून मानही हलवावी लागणार नाही.
"मला फिकटच दाखव."
पुढच्या आठवड्यात नक्की. तसंही ढग आहेत.

२४ फेब्रुवारी
काक्षी उजळली. भिंग पुसलं. तरी उजळलेलीच.
सोफियाहून एकाचा ईमेल: ताऱ्यानं स्वतःचाच वायू बाहेर फेकला असावा, तो थंडावून त्याची धूळ झाली असेल आणि तिनंच तोंड झाकलं असेल. आत काही बदललेलं नसावं. खाली, 'सावाकाका, रेडिओवर भारी बोललात.' टोमणा नसावा.
माझं मत कायम. दिवा विझण्याआधी मोठा होतोच.
वेसेलाही आज उठून बसली. बानित्साचा एक तुकडा खाल्ला, गप्पा मारल्या, केस विंचरून घेतले. नेदेल्का उगाच घाबरवते सगळ्यांना.

१ मार्च
वेसेलानं वसंताच्या रीतीप्रमाणे माझ्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधला. गाठ तिला मारता येईना, नेदेल्कानं मारली.
ठरवलं: उद्या संध्याकाळी तिला रजईत गुंडाळून खिडकीशी न्यायचं आणि काक्षी दाखवायची. फुटो न फुटो. आज दमली आहे.

२ मार्च
वेसेला दुपारी गेली.
संध्याकाळी आकाश स्वच्छ होतं.

१० एप्रिल
साथीमुळे वेधशाळा बंद. सहली नाहीत, मोजणी नाही. राकियाचा संकल्प परिस्थिती पाहून पुढे ढकलला.
आज वेसेलाचा चाळिसावा दिवस. नेदेल्का तोंडाला फडकं बांधून आली, साखर घातलेले उकडलेले गहू घेऊन. दोघांनी अंगणात उभ्यानंच खाल्ले. अंधारून आलं, तशी म्हणाली, "कुठली ती?"
पश्चिमेला टेकडीवर दाखवली. पहिल्यासारखीच लाल, ठसठशीत.
बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "खरं सांगा भाऊजी, कधी फुटणार ही?"
खरं सांगितलं. लाखभर वर्षांत कधीतरी.
"म्हणजे वेळ होता तुमच्याकडे."
मी म्हटलं, तसं नाही, शास्त्राच्या दृष्टीनं उद्यासुद्धा... पण ती भांडं विसळायला आत गेली होती. मग फाटक वाजलं.
तिला द्यायचं मुद्देसूद उत्तर नंतर सुचलं. लिहून ठेवायला बसलो, तर आठवेना.