दुसऱ्या घरातली डिस्क

२ जून, सोमवार
साडेआठची एसटी सव्वानऊला आली आणि कंडक्टर वर मलाच म्हणतो, मावशी, आत सरका. कुठं सरकू, टपावर? वरकुट्यापासून इंदापूरपर्यंत उभी. पण नोकरी झकास हाय. सिकंदरभाईंचं फ्लेक्सचं दुकान, डोक्यावर पंखा, बसायला खुर्ची. त्यांच्या बायकोनं, शबीनाभाभींनी, चहा पाठवला. गिऱ्हाइकाच्या मोबाइलातला फोटो कॉम्प्युटरात घालायचा, एवढंच काम. पडद्यावर डिस्कची घरं दिसतात. दुसरं घर वाढदिवस-अभिनंदनाचं, तिसरं श्रद्धांजलीचं. मी चौथी शिकलेली, इंग्रजी वाचता येत न्हाय, घरं मोजता येतात. रोजचं काम वहीत लिवा, भाई म्हणाले. लिवते.

७ जून, शनिवार
जागा भरली म्हणून भाईंनी कॉम्प्युटरचं झाकण काढून आत आणखी एक डिस्क बसवली. चार स्क्रू, दोन वायरी. बारामतीतल्या बंद पडलेल्या फोटोच्या दुकानातली जुनी डिस्क. तुमी पयल्यासारखंच करा, म्हणाले. केलं. दुसऱ्या घरात तीन फोटो घातले. कळंबचे सावळाराम तात्या, पंच्याहत्तरी. बावड्याचा अविराज, वाढदिवस. आणि माझी स्वरूपा, पोलीस भरतीत लागली! आईच्या हातानं लेकीचा फ्लेक्स. चौकात मोठा लावणार.

११ जून, बुधवार
सावळाराम तात्या काल गेले. चहा पिता पिता. त्यांचा मुलगा युवराज श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला आला, तर फ्लेक्स तयारच. झेंडूचा हार, खाली कालची तारीख. कॉम्प्युटर दाखवतो, बनवला रविवारी. रविवारी दुकान बंद असतं.
युवराज गेल्यावर भाई मलाच बोलले, मावशी, जित्या माणसाला हार घातलात? मी म्हणलं, मला फोटो सरळ लावता येत न्हाय, हार काय घालणार?
मग त्यांना कळलं. जादा डिस्क बसली तशी घरं सरकली. दुसऱ्या घरात ती जुनी डिस्क आलीय आणि मी आपली मोजून टाकत बसले. त्या दुकानात म्हणे भिंतीवर लावायला मेलेल्यांचेच फोटो करायचे.

१३ जून, शुक्रवार
अविराजच्या फोटोलाही हार. तारीख आजची. भाईंनी फोन केला, तर त्याचा बाप खवळला, असली मस्करी करता व्हय? चार वाजता बापाचाच फोन आला. मोटारसायकल— 
स्वरूपाचा फोटो मी बघितला न्हाय. भाईंनी बघितला. खाली बसले.

१४ जून, शनिवार
स्वरूपाचा फोटो आज बघितला. हार हाय. १९ जून, गुरुवार.
पुसला, परत आला. भाईंनी डिस्क उपटून टेबलावर ठेवली, वायरी लोंबत्यात. पडद्यावर दुसरं घर तसंच.
स्वरूपाला सांगितलं, बाहेर पडू नको. हसली. म्हणाली, आई, गुरुवारी तर पोलिसात हजर व्हायचंय—

१६ जून, सोमवार
भाई दुकानात पाऊल टाकत न्हाईत. चावी माझ्याकडं.
माझा फोटो घातला. त्याच घरात. झाडून येईस्तोवर हार चढला. तारखेची जागा रिकामी.
म्हंजे माझाबी घेतंय. पडद्याकडं बघून म्हणलं, मग ऐक. लेकीची तारीख काढ, मला लाव. मी तयार हाय.

१७ जून, मंगळवार
माझ्या फोटोखाली तारीख आली. १९ जून.
तिच्या खालची गेली न्हाय.
दोघी कशाला? मी एकीचं बोलले होते. एकीचंच. तिची काढ— उद्या, बुधवारी, दुकान बंद व्हायच्या आत मला पडद्यावर उत्तर पायजे. मी हितनं उठणार न्हाय. तिची तारीख तेवढी—