‘ऐका’चं बटण

३ नोव्हेंबर, सोमवार
डोकं उडवलंय! पत्रं पाठवायच्या एका निळ्या प्लॅटफॉर्मवर कालचं चित्र चढवून पाहिलं, तर वरच्या मजल्यावरच्या पद्मा अक्का मानेपासून खालीच उरल्या. हातात घेवड्याच्या शेंगा, मांडीवर सूप, धड शाबूत, डोकं गायब. माझी चित्रं उभी, लांबट. यांची चौकट आडवी. मी किंचाळलेच. अजित चहा सोडून धावत आला, म्हणाला, "व्हॉट्सॲपवर काय वाईट चाललं होतं?"

नवऱ्याला काय सांगायचं. दर रविवारी नातेवाइकांना शाईचं एक चित्र आणि त्यासोबत पानभर पत्र, एवढाच माझा उद्योग. तो मावश्यांच्या सुप्रभाती गुलाबांखाली गाडला जातो. चित्र धूसर होतं ते वेगळंच. साताऱ्याहून आईचा फोन ठरलेला : "चित्र दिसतं गं, अक्षर नाही दिसत. वाचून दाखव." मग मी पुन्हा सगळं वाचते, भराभरा, आणि ती रागावते.

तर अटी तीनच. चित्र कापायचं नाही. देवनागरी तुटायची नाही. आईला जमलं पाहिजे.

इथलं, चेन्नईच्या वेस्ट मांबलममधलं कुणी वाचेल ही धास्ती मात्र नाही. अख्ख्या बिल्डिंगमध्ये देवनागरी वाचणारे आम्ही दोघंच, आणि त्यातला एक माझं काही वाचत नाही. म्हणून मोकाट लिहिता येतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार
हिरवा प्लॅटफॉर्म बाद. जोडाक्षरांचा चुराडा करतो. ‘स्वयंपाक’ बघवेना.

तिसरा साधा, पांढरा. चित्र अख्खं. अक्षर नीट. आणि मजकुराखाली ‘ऐका’ असं बटण! दाबलं की एक बाई वाचून दाखवते. मराठी, स्वच्छ, शाळेच्या बाईंसारखं. आईला नमुना पाठवला. लगेच फोन : "कोण गं ही? छान वाचते. तुझ्यासारखी घाई नाही करत." अपमान गिळला. हाच प्लॅटफॉर्म. ठरलं.

दुपारी वरच्या मजल्यावर अक्कांकडे. दार उघडंच. "ये मा. कसाला उभी? बैस." यांचे पूर्वज तंजावरचे. घरात मराठी अजून टिकून आहे, आपल्या कानाला पणजीच्या काळची वाटणारी, पण वाचणं-लिहिणं सगळं तमिळमध्ये. किराण्याची यादीसुद्धा. माझा कागद हातात घेऊन म्हणतात, "तुझीं हीं कोलमं सुंदर आहेत." माझी अक्षरं म्हणजे त्यांना दारातली रांगोळी.

चार पिशव्या भरून कढीपत्ता देऊन पाठवलं. आमच्याकडे खाणारी माणसं दोन.

८ नोव्हेंबर, शनिवार
सीनूचा टोरंटोहून अजितला फोन आला. सीनू म्हणजे अक्कांचा एकुलता. अजितला बँकेतला म्हणून विचारतो नेहमी. आज विचारलं नाही, सांगितलं. फ्लॅटला गिऱ्हाईक ठरलंय. डिसेंबरात येणार, सह्या करून घेणार, आणि अक्कांना कोइम्बतूरजवळच्या वृद्धांच्या वसाहतीत पोचवून परत जाणार.

मी : पण घर तर अक्कांच्या नावावर आहे ना?
अजित : कागद पुढे केला की करेल सही, म्हणतो.
मी : विचारलं का त्यांना?
अजित : आत्ता सांगू नका, म्हणालाय. जेवण सोडेल म्हणे. मी शब्द दिलाय.

शब्द दिलाय! कुणाचा, कुणाला! रेल्वेतल्या नवऱ्याच्या फंडातून घेतलेलं घर. त्या ओट्याची उंचीसुद्धा अक्कांनी गवंड्याला उभं राहून सांगितलेली. मी काही शब्द दिलेला नाही. पण वर जाऊन सांगितलंही नाही अजून.

९ नोव्हेंबर, रविवार
सकाळी वर गेले. सांगायचं ठरवून गेले होते. त्यांनी कॉफी दिली, इडली दिली, आणि मी वही काढून ओटा काढत बसले. भराभरा, सगळं. पितळी फिल्टर, मिठाची बरणी, खिडकीतली तुळस, अक्कांची पाठ. सांगितलं नाही.

घरी येऊन मग पत्रात लिहिलं. कुठेतरी ओतल्याशिवाय जीव राहीना. ‘या स्वयंपाकघराचे थोडेच दिवस उरलेत. मुलाने घर विकायला काढलंय. तिला कोइम्बतूरजवळच्या वृद्धांच्या वसाहतीत ठेवणार. सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त हिलाच नाही.’ सातारा, नाशिक, डोंबिवली. त्यातलं कोण इथे येऊन सांगणार आहे? पाठवून टाकलं. नव्या प्लॅटफॉर्मवर चित्र काय देखणं दिसतंय.

१० नोव्हेंबर, सोमवार
अक्का खाली आल्या होत्या, दळलेलं पीठ द्यायला. मीच, मीच बोलावलं. "अक्का, तुमचं स्वयंपाकघर बघा किती मोठं दिसतं." टॅबलेट हातात दिला, बोटांनी मोठं कसं करायचं दाखवलं. आत दूध उतू जात होतं म्हणून धावले.

गॅस बंद करतेय तोवर बाहेरून ती बाई बोलायला लागली. स्वच्छ, शांत, न घाई करता. माझी वाक्यं. मला आधी कळेचना की हा आवाज कुठला. "...मुलाने घर विकायला काढलंय..." वाचता येत नाही म्हणून मी निर्धास्त होते, आणि ऐकायला त्यांना काय अडचण? मराठीच ती. पान मोठं करताना बोट बटणावर पडलं असणार.

बाहेर आले. हिसकावून घ्यावं असं वाटलं, पण हात उठेना. अक्का शेवटपर्यंत ऐकत बसल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. मी. माझ्या हाताने.

"कधीं कळलें तुला?"
"शनिवारी."
"आणि रविवारीं माझ्या पुढ्यांत बैसून चित्र काढत होतीस. इडली खाऊन."

मी रडले. त्या नाही रडल्या. "पोदुम्," म्हणाल्या, म्हणजे पुरे. ते मला होतं की टॅबलेटला, कळलं नाही. पिठाचा डबा ठेवून कठडा धरून वर गेल्या. किती लाज वाटतेय ते लिहिताही येत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार
रात्री अजितला सगळं सांगितलं; सकाळपासून भांडी आपटतोय. एकच वाक्य : "माझ्या शब्दाची किंमत तू रद्दीत काढलीस." बरोबर आहे त्याचं. पण तो शब्दच वाईट होता हेही बरोबर आहे. दोन्ही बोलून झालं, भांडण मिटलं नाही.

पत्राला उत्तरांचा पूर आलाय. इतकी वर्षं गुलाब पाठवणाऱ्या बायका आता रडके चेहरे पाठवताहेत. डोंबिवलीच्या मावशीने लिहिलंय, ‘कोइम्बतूरच्या त्या जागेचा पत्ता मिळेल का? सासूबाईंसाठी हवाय.’ तीनदा वाचलं. तेच लिहिलंय.

पत्र काढून टाकलं. पाठवलेलं परत येत नाही म्हणे, फक्त पानावरून जातं.

वर दार बंद. वाजवलं. आतून कुकरची शिट्टी झाली, म्हणजे जेवण सोडलेलं नाही. सीनूला एवढीही आई ठाऊक नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
स्वतः आल्या! नेसून-बिसून, कुंकू ठसठशीत. मी माफी मागायला सुरुवात केली तर हातानेच थांबवलं. "तें मागाहून. राग आहेच. आधीं काम."

काम असं. त्यांना पत्र पाठवायचंय. माझ्या यादीतल्या सगळ्यांना, आणि त्यात सीनूचं नाव घालून.

"त्या बाईच्या आवाजांत नको. माझ्या आवाजांत होतें का?"

होतं. प्लॅटफॉर्मवर स्वतःचं रेकॉर्डिंग लावता येतं. मी हे सांगितलं.

"सीनूला एकट्याला फोन करा ना अक्का."
"फोनवर मी बोलत्यें आणि तो ‘सेरी अम्मा, सेरी अम्मा’ म्हणतो. मधेंच ठेवतो." सेरी म्हणजे बरं.
"मग सगळ्यांना कशाला?"
"माझी गोष्ट सगळ्यांना कळलीच की. तूंच धाडलीस. आतां उत्तर पण कळूं दे."

यादीत सीनूचं नाव घातलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
रेकॉर्डिंग. खिडकी बंद करून, पंखा बंद करून, दोघी घामाघूम. वाटलं होतं भडकतील. तर पहिल्यापासून सांबार! तूर कशी शिजवायची, चिंच कधी घालायची. मग सीनू लहानपणी तापात दह्यात कालवलेल्या उडदाच्या पिठाच्या डांगर पच्चडीशिवाय काही खात नसे, ते. मग सीनूच्या वडिलांची रात्रपाळी, गवंडी, ओट्याची उंची. मी घड्याळाकडे बघत होते. आणि अगदी शेवटी, त्याच आवाजात : "सीनू, मी सही करणार नाहीं. मी आहें तोंवर घर आहे. मागाहून तुझेंच."

मी म्हटलं, "अक्का, हे सुरुवातीला घेऊ. लोक एवढं ऐकत नाहीत."
"पहिलें तेंच सांगितलें तर बाकीचें कोण ऐकतो?"

कापू दिलं नाही. एक शब्द नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
अजित ऐकायला तयार नव्हता. शेवटी मीच लावलं आणि निघून गेले. परत आले तर डोळे पुसत होता, तरी म्हणतोच, "पाठवू नकोस. चारचौघांत त्या मुलाची शोभा होईल. आई-मुलगा कायमचे तुटतील, आणि निमित्त तू." हे खरं झालं तर? एकदा न विचारता पाठवून झालंय. आता विचारून, सांगून पाठवतेय, तरी भीती जास्तच.

चित्र नवीन काढलं. या वेळी अक्का समोरून, थेट बघताना. त्यांनी पाहिलं, म्हणाल्या, "नाक मोठें." लहान केलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
पाठवलं. बटण मी दाबलं, अक्का शेजारी. मग त्या काही उठेनात. सोफ्यावर बसून माझ्या घेवड्याच्या शेंगा मोडायला घेतल्या. प्लॅटफॉर्म कुणी उघडलं ते दाखवतो. आई, डोंबिवली, नाशिक... आणि सीनू. मी ओरडलेच, "अक्का, उघडलं त्याने!" त्यांनी मान हलवली फक्त.

चहा टाकेपर्यंत त्यांच्या मांडीवरचा मोबाइल वाजला. पडद्यावर सीनूचा फोटो. अजित खुर्चीतून उठून उभाच राहिला.

"अक्का, उचला ना."

त्यांनी फोन पालथा घातला. "आत्तांच उघडलें म्हणालीस. म्हणजे तापापर्यंतसुद्धां आला नसेल. पुरतें ऐकूं दे आधीं."

थांबला. परत वाजतोय. अक्का शेंगा मोडताहेत, मी समोर बसून हे लिहितेय.